पॅसिफिकचा पांढरा देवमासा

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतली गोष्ट. दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नला वळसा घालून पॅसिफिक महासागरात शिरलेली देवमाशांच्या शिकारीची दोन जहाजं भर समुद्रात समोरासमोर आली, की कप्तान एकमेकांची विचारपूस करत. किती पिंपं तेल भरलं, घरची पत्रं आहेत का, गोडं पाणी कुठे मिळालं, अशी चौकशी होई. आणि शेवटी एक प्रश्न ठरलेला असे : मोचा डिकची काही खबर?

मोचा डिक हे एका स्पर्म व्हेलचं नाव होतं. चिलीच्या किनाऱ्याजवळच्या मोचा बेटाच्या आसपास १८१०च्या सुमाराला किंवा त्याआधीच त्याची आणि शिकाऱ्यांची पहिली गाठ पडली असं खलाशी सांगत. त्यानंतर अनेक वर्षं तो त्यांच्या हाती लागला नाही. त्याने होड्या फोडल्या, माणसं मारली, अंगात घुसलेले हार्पून, म्हणजे दोर बांधलेले फेकभाले, तसेच घेऊन तो निघून गेला. महत्त्वाकांक्षी कप्तान मुद्दाम वाट वाकडी करून मोचाच्या किनाऱ्याने जात, कारण या एका देवमाशाला मारणाऱ्याचं नाव साऱ्या शिकारी जहाजांवर झालं असतं.

त्याची कथा छापून आली १८३९च्या मे महिन्यात, न्यूयॉर्कच्या ‘द निकरबॉकर’ या मासिकात. लेखक जेरेमाया रेनॉल्ड्स हा दक्षिण समुद्राच्या ध्यासाने झपाटलेला माणूस. अमेरिकेने दक्षिणेकडे सरकारी शोधमोहीम काढावी म्हणून त्याने वर्षानुवर्षं व्याख्यानं दिली, खटपटी केल्या, आणि एका मोहिमेबरोबर तो स्वतः चिलीपर्यंत जाऊनही आला. तिथल्या सांता मारिया बेटापाशी शिकारी जहाजावरच्या एका मेटने, म्हणजे कप्तानाच्या हाताखालच्या अधिकाऱ्याने, आपण मोचा डिकला कसं मारलं ते त्याला सांगितलं. रेनॉल्ड्सने ती हकिकत त्या मेटच्याच तोंडून वदवल्यासारखी लिहिली आहे.

त्यात देवमाशाचं वर्णन बारकाईने येतं. नेहमीचा स्पर्म व्हेल करड्या, तपकिरी रंगाचा असतो. हा पांढरा होता. त्याच्या डोक्यावर शिंपल्यासारख्या कवचाच्या बार्नेकल प्राण्यांचे थर चढले होते, त्यामुळे ते खडकासारखं खडबडीत दिसे. स्पर्म व्हेलचा उच्छ्वासाचा फवारा एरवी तिरका, पुढे झुकलेला उडतो. याचा सरळ वर उडे आणि त्याचा आवाज दूरवर ऐकू येई. डोलकाठीवर टेहळणीला बसलेल्या माणसाला तो लांबूनच ओळखता येत असे. मेल्यावर मोजला तेव्हा त्याची लांबी सत्तर फुटांच्या वर भरली, शंभर पिंपं तेल निघालं, आणि पाठीतून वीसेक जुने गंजलेले हार्पून उपसून काढावे लागले, असं तो मेट सांगतो.

याच हकिकतीत आणखी एक गोष्ट आहे. मोचा डिक आपण होऊन जहाजांवर चालून जात नसे. कुणी छेडलं नाही तर तो जहाजाजवळून शांतपणे पोहत जाई. हार्पून फेकला गेला, की मात्र तो उलटत असे. त्याच्या शेवटच्या लढाईआधी शिकाऱ्यांनी एक पिल्लू मारलं होतं आणि त्याची आई सैरभैर झाली होती. तिच्या बाजूने हा म्हातारा नर मध्ये पडला. ज्याला खलाशी राक्षस म्हणत होते त्याच्या रागाचं कारण त्यांच्याच तोंडून असं नोंदलं गेलं. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शास्त्रज्ञांनी जहाजांच्या जुन्या रोजनिशा आणि देवमाशांची शरीररचना एकत्र तपासली तेव्हा या कथेची दुसरी, देवमाशाची बाजू बरीच स्पष्ट झाली.

मोचा बेट आहे चिलीच्या मुख्य भूमीपासून सुमारे ३५ किलोमीटरवर. मापुचे लोकांपैकी समुद्रकाठी राहणारे लाफकेंचे लोक या बेटाला मृतांच्या वाटेवरचं ठिकाण मानत. मावळतीच्या वेळी चार देवमासे मेलेल्यांचे आत्मे तिथे पोहोचवतात अशी त्यांची श्रद्धा. इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक १५७८ मध्ये इथे उतरला तेव्हा बेटवासीयांच्या हल्ल्यात तो जखमी झाला होता. दक्षिणेकडून येणारा हंबोल्टचा थंड प्रवाह या किनाऱ्याने वाहतो. त्याच्या पाण्यात अन्नाची रेलचेल असते, म्हणून माकुल भरपूर असतात, आणि माकुल हेच स्पर्म व्हेलचं मुख्य खाणं. देवमासे इथे येत ते त्यासाठी. इंग्लंडचं ‘एमिलिया’ हे जहाज १७८८ मध्ये निघून केप हॉर्नमार्गे पॅसिफिकमध्ये शिरलं, पुढच्या वर्षी त्याने इथे पहिला स्पर्म व्हेल मारला, आणि त्याच्यामागून शिकारी जहाजांची रांग लागली.

इतक्या लांब, तीन-तीन चार-चार वर्षांच्या सफरींवर माणसं निघत ती स्पर्म व्हेलच्या डोक्यातल्या ऐवजासाठी. या देवमाशाचं डोकं शरीराच्या जवळजवळ एक तृतीयांश असतं आणि मोठ्या नराच्या डोक्यातल्या पिशवीत दीड-दोन हजार लिटरपर्यंत मेणचट तेल भरलेलं असतं. जिवंत शरीराच्या उबेत ते पातळ असतं. बाहेरच्या गार हवेत, थंडीत खोबरेल थिजावं तसं, ते पांढरं घट्ट होतं. त्यालाच स्पर्मासेटी म्हणतात. त्याच्या मेणबत्त्या काजळी न धरता लखलखीत जळत. त्या प्रकाशाचा दर्जा इतका एकसारखा होता, की पुढे ब्रिटनमध्ये प्रकाश मोजण्याचं ‘कँडलपॉवर’ हे एकक ठराविक वजनाच्या स्पर्मासेटी मेणबत्तीवरूनच ठरवलं गेलं. अंगावरच्या चरबीचं तेल दीपगृहांत आणि रस्त्यांवरच्या दिव्यांत जळे, गिरण्यांच्या चात्यांना आणि घड्याळांना वंगण म्हणून लागे. औद्योगिक क्रांतीच्या काळातली शहरं आणि कारखाने या प्राण्यावर मोठ्या प्रमाणावर विसंबून होते.

या धंद्याची राजधानी होती अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरचं नॅनटकेट हे लहानसं बेट आणि नंतर त्याच्याजवळचं न्यू बेडफर्ड बंदर. १८४६च्या सुमाराला एकट्या अमेरिकेची सातशेहून अधिक शिकारी जहाजं समुद्रावर होती. खलाशांना पगार नसे, सफरीच्या नफ्यात हिस्सा असे. कप्तानाचा हिस्सा मोठा. नवख्या पोराच्या वाट्याला साधारण दोनशेवा भाग. तेल मिळालं नाही, तर चार वर्षं राबून माणूस रिकाम्या हाताने, कधी अंगावर कर्ज घेऊन परते.

प्रत्यक्ष शिकार जहाजावरून होत नसे. डोलकाठीवरून फवारा दिसल्याची आरोळी आली, की जहाजाच्या कडेला टांगलेल्या होड्या खाली सोडत. होडी जेमतेम अठ्ठावीस फुटांची, पातळ फळ्यांची, दोन्ही टोकांना निमुळती. तीत सहा माणसं. मागे सुकाणूच्या वल्ह्यावर मेट, बाकीचे पाच वल्ह्यांवर. त्यातला सगळ्यात पुढचा हार्पून फेकणारा. वल्हवणाऱ्यांची पाठ देवमाशाकडे असे आणि मागे वळून पाहायची त्यांना सक्त मनाई. समोर काय आहे ते त्यांना फक्त मेटच्या चेहऱ्यावरून कळे. स्पर्म व्हेलचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्याला नाकासमोरचं आणि थेट पाठीमागचं दिसत नाही. म्हणून होडी त्याच दिशांनी जवळ नेत. अगदी शेवटच्या टप्प्यात वल्हीसुद्धा आत ओढून लहान हातवल्ह्यांनी, आवाज न करता पुढे सरकत. होडीचं लाकूड देवमाशाच्या कातडीला लागेल इतकं अंतर उरलं, की हार्पूनवाला उठून उभा राही आणि दोन्ही हातांनी लोखंड मारी.

हार्पूनने देवमासा मरत नसे. तो फक्त दोराने होडीला बांधला जाई. तो खोल बुडी मारे तेव्हा टोपल्यात वेटोळं करून ठेवलेला शेकडो वाव दोर होडीच्या मागच्या टोकातल्या लाकडी खुंट्यावरून इतक्या वेगाने सुटे, की खुंट्यातून धूर निघे आणि त्यावर पाणी ओतत राहावं लागे. दोराच्या फासात कुणाचा पाय किंवा हात अडकला, तर तो माणूस त्याच क्षणी पाण्याखाली ओढला जाई. कधी देवमासा वर येऊन सुसाट पळे आणि होडी मैलोगणती त्याच्यामागे लाटांवर आपटत जाई. तो थकला, की मेट पुढे येऊन लांब भाल्याने त्याची फुप्फुसं भोसकी. फवाऱ्यातून रक्त उडालं म्हणजे काम झालं. मग ते धूड जहाजाच्या कडेला बांधून चरबी सोलत, डेकवरच्या विटांच्या भट्ट्यांवर मोठमोठ्या कढयांत ती कढवत. दिवसरात्र चालणाऱ्या त्या भट्ट्यांचा काळा धूर शिडांना लागे आणि डेक तेलाने निसरडा होई.

या मारामारीत बहुतेक वेळा देवमासा हरे. पण प्रत्येक वेळी नाही. शेपटीच्या एका फटक्याने होडीचे तुकडे होत, किंवा खालच्या जबड्यात ती धरून तो चिरडून टाकी. अशा लढाऊ नरांना खलाशी नावं देत आणि ती नावं जहाजाजहाजांतून फिरत. तिमोरच्या समुद्रातला ‘तिमोर जॅक’ आणि न्यूझीलंडजवळचा ‘न्यूझीलंड टॉम’ हे मोचा डिकसारखेच प्रसिद्ध होते. शिकारी जहाजावर डॉक्टर म्हणून गेलेल्या थॉमस बील या इंग्रजाने १८३९च्या आपल्या पुस्तकात त्यांची नोंद केली आहे. तिमोर जॅकला मारायला शिकाऱ्यांनी हार्पूनच्या दोराला पिंप बांधलं. तो त्या पिंपावर तुटून पडला असताना इतर होड्यांनी त्याला गाठलं. न्यूझीलंड टॉमशी १८०४ मध्ये झालेल्या झटापटीत नऊ होड्या फुटल्याचं बील सांगतो.

होड्या फुटणं हा धंद्यातलाच धोका मानला जाई. अख्खं जहाज बुडेल असं मात्र कुणालाच वाटत नव्हतं. तो समज २० नोव्हेंबर १८२० रोजी मोडला.

नॅनटकेटचं ‘एसेक्स’ हे जहाज त्या दिवशी दक्षिण अमेरिकेपासून हजारो मैल पश्चिमेला, विषुववृत्ताच्या जवळ होतं. जहाजाची लांबी ८७ फूट. कप्तान जॉर्ज पोलार्ड आणि दुसरा मेट होड्या घेऊन एका कळपामागे गेले होते. पहिला मेट ओवेन चेस याची होडी देवमाशाच्या शेपटीने फुटली होती, म्हणून तो जहाजावर परतून तिला ठिगळ लावत होता. हातोड्याने खिळे ठोकत असताना त्याला जहाजासमोर एक प्रचंड नर दिसला. चेसच्या अंदाजाने तो ८५ फूट होता. आधी निश्चल पडून राहिलेला तो देवमासा एकाएकी वेग घेऊन आला आणि जहाजाच्या पुढच्या भागावर आदळला. धडकेनंतर तो जहाजाला लागूनच पाण्यावर आला, जणू भोवळ आल्यासारखा. त्या वेळी त्याला भाला मारणं चेसला शक्य होतं. पण त्याची शेपटी सुकाणूला खेटून होती. भाला बसताच ती उसळली असती आणि सुकाणू गेलं असतं, म्हणून चेसने हात आवरला. देवमासा शुद्धीवर आला, दूर गेला, वळला, आणि पहिल्याहून दुप्पट वेगाने येऊन त्याने पुन्हा धडक दिली. जहाज काही मिनिटांत कलंडलं.

वीस माणसं तीन होड्यांत उरली. सगळ्यात जवळची बेटं पश्चिमेला होती, पण तिथे नरभक्षक राहतात अशी धास्ती असल्याने त्यांनी वाऱ्याविरुद्ध, हजारो मैलांवरच्या दक्षिण अमेरिकेचा रस्ता धरला. महिनाभराने त्यांना हेंडरसन हे निर्जन बेट सापडलं. तिघे तिथेच थांबले, बाकीचे पुढे निघाले. अन्न संपलं. मेलेल्या सोबत्यांचं मांस खाऊन ते जगू लागले, आणि पोलार्डच्या होडीत तर चिठ्ठ्या टाकून कुणाला मारायचं ते ठरवलं गेलं. चिठ्ठी निघाली ओवेन कॉफिनच्या नावाची. हा पोलार्डच्या नात्यातला, त्याच्याच भरवशावर सफरीला आलेला मुलगा. फेब्रुवारी १८२१ मध्ये दोन होड्यांतले पाच जण जाणाऱ्या जहाजांना सापडले, पुढे हेंडरसनवरचे तिघेही सुटले. वीसपैकी आठ वाचले.

चेसने त्याच वर्षी आपली हकिकत पुस्तकरूपाने छापली. म्हातारपणी त्याचं मन ढळलं आणि तो घराच्या माळ्यावर खाण्याचे पदार्थ लपवून ठेवू लागला. पोलार्ड पुन्हा जहाज घेऊन गेला, तेही हवाईच्या वायव्येला प्रवाळाच्या खडकांवर फुटलं. त्यानंतर कुणी त्याला जहाज दिलं नाही. उरलेलं आयुष्य त्याने नॅनटकेटमध्ये रात्रपाळीचा पहारेकरी म्हणून काढलं.

हर्मन मेलव्हिल १८४१च्या जानेवारीत ‘अकुश्नेट’ या शिकारी जहाजावर साधा खलाशी म्हणून चढला. पॅसिफिकमध्ये त्या जहाजाची दुसऱ्या एका जहाजाशी गाठ पडली आणि त्यावर त्याला ओवेन चेसचा तरुण मुलगा भेटला. मुलाने बापाचं पुस्तक मेलव्हिलला वाचायला दिलं. ‘एसेक्स’ जिथे बुडालं त्याच समुद्राच्या आसपास त्याने ते वाचलं. दहा वर्षांनी, १८५१ मध्ये, त्याची ‘मोबी-डिक’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली : एका पांढऱ्या देवमाशाने पाय तोडलेला कप्तान सूडाच्या वेडाने त्याच्यामागे सारं जग पालथं घालतो. मोचा डिकचा रंग आणि ‘एसेक्स’चा शेवट त्यात एकत्र आले आहेत. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘अ‍ॅन अलेक्झांडर’ हे आणखी एक शिकारी जहाज देवमाशाने पॅसिफिकमध्ये बुडवलं. काही महिन्यांनी दुसऱ्या एका जहाजाने एक आजारी देवमासा मारला. त्याच्या डोक्यात जहाजाच्या लाकडाचे तुकडे आणि अंगात ‘अ‍ॅन अलेक्झांडर’चे हार्पून सापडले असं तेव्हा सांगितलं गेलं.

देवमासा जहाजावर डोकं का आपटेल? आणि आपटूनही तो शाबूत कसा राहील?

याचं उत्तर त्याच्या डोक्यातच आहे. ज्या तेलाच्या पिशवीसाठी त्याची शिकार होत होती, तिच्याखाली तंतुमय पडद्यांनी विभागलेला, तेलाने भरलेला आणखी एक थर असतो. खलाशी त्याला ‘जंक’ म्हणत. डेव्हिड कॅरियर या जीवशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये असं मांडलं, की नर स्पर्म व्हेल माद्यांसाठी एकमेकांशी टकरा घेत असावेत आणि हे डोकं त्यासाठीच घडलेलं असावं. नर माद्यांच्या तिप्पट वजनाचे होतात आणि त्यांचं डोकं शरीराच्या मानानेही मोठं असतं, हे या तर्काशी जुळतं. २०१६ मध्ये एका गटाने संगणकावर डोक्याची प्रतिकृती तयार करून टकरेचा दाब तपासला. त्या खालच्या थरातले पडदे धक्का वाटून घेतात आणि कवटीवर येणारा ताण कमी करतात असं त्यांना दिसलं. हे डोकं मुख्यतः आवाजासाठी आहे याबद्दल मात्र फारसं दुमत नाही. त्यातून निघणारे टकटक आवाज हे प्राणिसृष्टीतले सर्वांत जोरदार आवाज, आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून हा प्राणी हजार-दोन हजार मीटर खोल काळोखात माकुल शोधतो. नरही अशाच आवाजांनी एकमेकांना आपली ताकद कळवतात. चेसचा हातोडा जहाजाच्या तळातून समुद्रात ऐकू गेला आणि त्या नराला तो प्रतिस्पर्ध्याचा आवाज वाटला, अशीही एक शक्यता काही अभ्यासक मांडतात.

मोचा डिक एकटा का असे, हेही आता कळतं. स्पर्म व्हेलच्या माद्या आणि पिल्लं आजी, मावश्या, बहिणी अशा दहा-बारा जणींच्या कुटुंबात उष्ण समुद्रात राहतात. एक जण खोल बुडी मारते तेव्हा दुसऱ्या तिच्या पिल्लाजवळ थांबतात. वयात येणारे नर घर सोडतात आणि थंड पाण्याकडे जातात. वीस-पंचवीस वर्षांचे, पुरेसे धिप्पाड झाल्यावर ते माद्यांकडे फेऱ्या मारू लागतात. मोठे नर बहुधा एकटेच फिरतात, आणि डोक्यावर दुसऱ्या नरांच्या दातांचे ओरखडे घेऊन फिरतात.

सगळ्यात बोलका पुरावा जहाजांच्या रोजनिशांनी दिला. अमेरिकी शिकारी जहाजांवर रोज लिहिलं जाई : आज देवमासे दिसले का, किती होड्या सोडल्या, किती हार्पून लागले. कॅनडातला हॅल व्हाइटहेड, अमेरिकेतला टिम स्मिथ आणि स्कॉटलंडमधला ल्यूक रेंडेल या तिघांनी उत्तर पॅसिफिकमधल्या या नोंदी संगणकात भरून तपासल्या आणि २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. एखाद्या भागात शिकार सुरू झाल्यावर अडीच वर्षांच्या आतच हार्पून लागण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घसरलं होतं. पहिले शिकारी जास्त कसबी होते का? सहज सापडणारे देवमासे आधी मारले गेले का? त्यांनी या शक्यता पडताळल्या. आकड्यांशी त्या नीट जुळल्या नाहीत. जुळलं ते एकच : देवमासे शिकत होते, आणि एकमेकांना शिकवत होते.

त्यांचा जुना शत्रू म्हणजे ओर्का, किलर व्हेल. ओर्का आले, की स्पर्म व्हेल पाण्यावर एकत्र येऊन, पिल्लांना मध्ये घेऊन कडं करतात. हार्पूनवाल्यांपुढे हीच सवय घातक ठरली, कारण एका जागी जमलेला कळप म्हणजे होड्यांना आयतं सावज. मग त्यांनी कडं करणं टाळलं. ते वाऱ्याविरुद्ध, म्हणजे वारा ज्या बाजूने येतो तिकडे पळू लागले. शिडाच्या जहाजाला त्या दिशेला सरळ जाता येत नाही. खलाशांनीही ही चलाखी आपल्या लिखाणात टिपून ठेवली होती. ही माहिती एका पिढीतून दुसरीत उतरायला वाट पाहावी लागली नाही. माद्यांची कुटुंबं भेटतात तेव्हा ती पसरली असावी असं या संशोधकांचं म्हणणं. ज्या देवमाशांची लाखोंनी कत्तल झाली, त्यांच्यात असा समंजसपणा होता आणि त्याची नोंद मारणाऱ्यांच्याच वह्यांत सापडली, ही या साऱ्या इतिहासातली फार मोठी गोष्ट आहे.

मोचा डिकच्या मृत्यूच्या कथा एकाहून अधिक आहेत. रेनॉल्ड्सच्या हकिकतीनंतरही तो दिसल्याच्या वार्ता येत राहिल्या. एका कथेप्रमाणे १८५९ मध्ये ब्राझीलजवळ स्वीडनच्या जहाजाने एका डोळ्याने आंधळ्या, दात तुटलेल्या, थकलेल्या मोचा डिकला मारलं आणि त्याची लांबी ११० फूट भरली. इतका लांब स्पर्म व्हेल असत नाही. मोठा नरसुद्धा साधारण पन्नास-साठ फुटांचा. समुद्रावरच्या गप्पांत प्रत्येक सांगणाऱ्याने लांबीत भर घातली असणार. एका देवमाशाच्या नावावर अनेक देवमाशांचे पराक्रम जमा झाले असण्याचीही दाट शक्यता आहे. पण पांढरा स्पर्म व्हेल ही कवितेतली कल्पना नाही. १९०२ मध्ये अ‍ॅझोर्स बेटांजवळ एमस स्मॉली या हार्पूनवाल्याने पांढरा देवमासा मारला होता. स्मॉली मॅसॅच्युसेट्सच्या वाम्पनोआग या मूळ रहिवासी जमातीचा. आणि २०२१च्या नोव्हेंबरमध्ये जमैकाजवळ एका व्यापारी जहाजावरून पांढऱ्या स्पर्म व्हेलचं चित्रीकरण झालं.

१८५९ मध्येच अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात खनिज तेलाची विहीर लागली आणि घरोघरी रॉकेलचे दिवे आले. स्पर्म तेलाचा धंदा उतरणीला लागला. देवमाशांची सुटका मात्र झाली नाही. वाफेची वेगवान जहाजं आणि हार्पूनची तोफ आल्यावर पळण्याची, झुंजण्याची त्यांची कुठलीच युक्ती चालेना. विसाव्या शतकात साडेसात लाखांहून अधिक स्पर्म व्हेल मारले गेले. शिडाच्या काळात कधीही झाली नव्हती एवढी ही कत्तल होती, आणि ती यंत्रांचं वंगण, सौंदर्यप्रसाधनं, पशुखाद्य असल्या गोष्टींसाठी झाली. आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगाने १९८२ मध्ये व्यापारी शिकार थांबवण्याचा ठराव केला. तो १९८६ पासून लागू झाला.

महाराष्ट्रात या प्राण्याचं नाव अधूनमधून पोलिसांच्या बातम्यांत येतं. मुंबई, ठाणे, पुणे आणि कोकणात ‘व्हेलची उलटी’ म्हणून जे अंबरग्रीस जप्त होतं, ते स्पर्म व्हेलच्याच आतड्यात तयार होतं. माकुलाच्या न पचलेल्या टणक चोचींभोवती हा मेणासारखा गोळा जमतो आणि बहुधा विष्ठेवाटे बाहेर पडतो. अत्तरात वास टिकवण्यासाठी त्याला परदेशात मोठी किंमत येते. भारतात स्पर्म व्हेल वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, त्यामुळे किनाऱ्यावर सापडलेलं अंबरग्रीस जवळ बाळगणं किंवा विकणंही गुन्हा ठरतो. कोकणातल्या मच्छीमाराला असा गोळा सापडलाच, तर तो वनखात्याकडे देणं हाच सरळ मार्ग.

आजचा मोठा धोका जहाजांच्या टकरीचाच आहे, फक्त आता जहाजं कितीतरी पट मोठी आणि वेगवान आहेत. श्वास घ्यायला वर आलेला स्पर्म व्हेल दहा-पंधरा मिनिटं पृष्ठभागावर जवळजवळ स्तब्ध पडून असतो आणि कंटेनर जहाजाच्या तोंडी सापडतो. ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या खोल समुद्रात स्पर्म व्हेलचा दोन-तीनशेंचा गट उरला आहे, आणि तिथे मरणाऱ्या देवमाशांत टकरीच्या जखमा नेहमी दिसतात. अभ्यासकांनी त्यांच्या वावराचे नकाशे पुढे ठेवल्यावर एमएससी या जगातल्या बड्या जहाज कंपनीने २०२२च्या सुरुवातीपासून आपल्या जहाजांचा मार्ग तिथून बाजूला वळवला. कॅरिबियनमधल्या डॉमिनिका या छोट्या देशाने २०२३ मध्ये सुमारे ८०० चौरस किलोमीटरचा समुद्र खास स्पर्म व्हेलसाठी राखून ठेवण्याची घोषणा केली. तिथल्या कुटुंबांना संशोधक एकेका जनावराच्या शेपटीवरच्या खुणांवरून ओळखतात. सत्तर वर्षं जगणाऱ्या या प्राण्यांतल्या ज्या माद्यांनी पन्नाशी ओलांडली आहे, त्या जन्मल्या तेव्हा हार्पूनच्या तोफा चालू होत्या.